पेशवे पार्कात जायचे आहे

कांदिवलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई 78 वर्षांच्या असून दोन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. गेले काही आठवडे दुपारचा चहा झाला, की त्या साडी बदलतात, पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन रुमाल घालतात आणि दाराशी येऊन उभ्या राहतात. ‘‘चला, लाँच चुकेल. पोरांना एस्सेल वर्ल्डला न्यायचंय.’’ गोराईचे ते मनोरंजन उद्यान 1989 साली सुरू झाले. लाँचमधून खाडी ओलांडून तेथे जाणे हाच त्या काळच्या मुंबईकर मुलांचा अर्धा आनंद होता. कोरोनाच्या साथीनंतर ते बंद पडले आणि ज्यांना तेथे न्यायचे, ती ‘पोरे’ आता पंचेचाळिशीच्या घरात आहेत. बाई विचारतात, ‘खरे सांगितले तर त्या रडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी उभ्या. खोटे सांगितले तर माझेच मन मला खाते. माझे यजमान म्हणतात, एकदा नेऊन ते बंद दार दाखवू, म्हणजे विषय संपेल. नेऊ का?’

पत्र वाचून मी बराच वेळ ते तसेच हातात धरून बसले. हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरातही येऊन गेला. फक्त आमची बाग वेगळी होती.

माझे वडील 88 वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सकाळी काय खाल्ले हे त्यांना दहा वाजता सांगता येत नाही, पण वर्तमानपत्र हातात धरून बसण्याचा रिवाज त्यांनी सोडलेला नाही. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी एकच धोशा लावला, ‘‘पेशवे पार्कात जायचंय.’’ सुरुवातीला आम्हाला त्याचे कौतुकच वाटले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी हसत सांगत असे, की नानांना लहानपण आठवते आहे.

पुणेकर वाचकांना पेशवे पार्क सांगावयास नको. इतरांसाठी थोडेसे लिहिते. पर्वतीच्या पायथ्याजवळ, सारसबागेला लागून पुणे महापालिकेने 1953 साली प्राणिसंग्रहालय उभारले. 1956 पासून तेथे ‘फुलराणी’ ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली. त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांतील पुण्याच्या मुलांनी पहिला वाघ, पहिला हत्ती आणि पहिली आगगाडी तेथेच पाहिली. सुटीच्या दिवशी घरून दशम्या आणि दाण्यांची चटणी बांधून न्यायची, झाडाखाली बसून खायची, माकडांपुढे तासभर उभे राहायचे आणि शेवटी फुलराणीसाठी रांग लावायची, हा आमच्या घरचा ठरलेला क्रम होता. पुढे 1999 साली कात्रजला नवे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. काही वर्षांत येथील प्राणी तिकडे गेले आणि पिंजरे रिकामे झाले. फुलराणी आणि जुने वृक्ष तेवढे मागे राहिले. प्राण्यांच्या दृष्टीने जे झाले ते उत्तमच झाले, असे मी तेव्हाही म्हणत होते. अरुंद पिंजऱ्यात त्याच त्या फेऱ्या मारणारा वाघ पाहून लहानपणी मला आनंद झाल्याचे स्मरत नाही. तरीही नंतर एकदा भाच्यांना घेऊन गेले, तेव्हा हत्तीच्या जागेपाशी माझी पावले आपोआप थांबली. मुले विचारू लागली, ‘‘मावशी, इथं काय बघायचंय?’’ काय सांगणार?

दिल्लीत नोकरी केलेली मंडळी ‘अप्पू घर’विषयी असेच बोलतात. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या हत्तीचे नाव घेऊन 1984 साली सुरू झालेले ते उद्यान 2008 साली बंद झाले. प्रत्येक शहराच्या पोटात अशी एखादी मिटलेली जागा असते.

नानांच्या बाबतीत मात्र मी एक साधा हिशेब केलाच नाही. 1953 साली नाना सोळा वर्षांचे होते. म्हणजे पेशवे पार्क ही त्यांच्या बालपणाची बाग नव्हेच. ते बालपण माझे होते. नानांच्या दृष्टीने ती तरुण वयात दोन लहान मुलांना दोन्ही हातांना धरून फिरवण्याची जागा होती. लहानपण आठवत होते ते मला आणि त्याचे नाव मी नानांच्या तोंडी घातले होते.

मराठीत आपण या भावनेला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द गोड आहे, आणि तेवढाच फसवा. ज्या परकीय शब्दाच्या बदल्यात आपण तो वापरतो, तो ‘नॉस्टॅल्जिया’ 1688 साली बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी घडवला. ग्रीक भाषेत ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. मायदेशापासून दूर राहून झुरणाऱ्या स्विस माणसांचे दुखणे त्याला नोंदवायचे होते आणि त्याच्या लेखी तो आजारच होता. आज कोणी त्याला आजार मानत नाही. पण आपल्या शब्दात रंजन उरले आणि वेदना गळून गेली. ‘हुरहूर’ हा आपला घरगुती शब्द कदाचित अधिक खरा आहे. घरातील वृद्ध व्यक्ती जुन्या जागेचे नाव घेते, तेव्हा ती सुखाच्याच शोधात आहे असे आपण धरून चालतो. मीही तेच धरून चालले.

नागपूरहून माझा धाकटा भाऊ चार दिवसांसाठी आला होता. त्याला रविवारची संध्याकाळच मोकळी होती, म्हणून आम्ही नानांना रविवारी संध्याकाळी नेले. या स्तंभातून वर्षानुवर्षे इतरांना सल्ले देणाऱ्या बाईने हे करावे, याची लाज अजून वाटते. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांचा गोंधळ आणि अस्वस्थता दिवस मावळताना वाढते, हे मी याच पानावर लिहिलेले आहे. त्यात सारसबागेची रविवारची गर्दी, भेळेच्या गाड्या, फुगेवाले, वाहनांचे कर्णे. रिक्षातून उतरतानाच नानांनी माझे मनगट घट्ट धरले.

आत गेल्यावर ते पिंजरे शोधू लागले.

‘‘हत्ती कुठाय?’’

‘‘नाना, हत्ती कात्रजला गेला. वीस वर्षं झाली,’’ भावाने समजावले.

नाना त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर भराभर इकडेतिकडे फिरू लागली. ‘‘पोरगं कुठाय? इथंच होतं आत्ता.’’ माझा हात सोडवून ते आगगाडीच्या रुळांच्या दिशेने निघाले आणि कडेच्या दगडाला अडखळले. भावाने त्यांना दोन्ही हातांनी सावरले. ‘‘नाना, अहो मीच तो! मी इथंच आहे!’’ नानांनी समोरच्या 59 वर्षांच्या, टक्कल पडलेल्या गृहस्थाला निरखून पाहिले. ‘‘तुम्ही कोण? सोडा मला. माझं पोरगं हरवलंय.’’

त्या रात्री नाना जेवले नाहीत. भावाने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून दोनदा पाणी प्याले आणि म्हणाला, ‘‘ताई, त्यांना मी उरलोच नाही गं.’’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

साताऱ्याला आमची आत्या असते. वय 83, स्मरण लख्ख. रात्री तिला दूरध्वनी केला. सगळे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘म्हणजे ते अजून त्याच्या मनातून गेलं नाही तर.’’ भाऊ चार वर्षांचा असताना पेशवे पार्कात हरवला होता. अर्धा तास. नाना आधी तळ्याच्या काठाकडे धावले होते. तेथे वाकून पाण्यात पाहत ते किती वेळ उभे होते, हे त्यांनी फक्त बहिणीला सांगितले. शेवटी एका रखवालदाराला मुलगा हत्तीपाशी उभा असलेला सापडला. आई तेव्हा आजारातून उठत होती. तिला हे कळू द्यायचे नाही, अशी नानांनी आत्याला शपथ घातली आणि आत्याने ती पाळली. आई जाऊन आता नऊ वर्षे झाली.

मी तेव्हा सात वर्षांची होते आणि मला तो दिवस आठवतो. हरवणे-सापडणे काहीच आठवत नाही. आठवते ते एवढेच, की त्या दिवशी नानांनी, न मागता, आम्हा दोघांना एकेक गारेगार घेऊन दिले होते. एरवी एकच घेऊन दोघांत वाटून देत. लालभडक रंग कोपरापर्यंत ओघळला होता आणि नाना रागावले नव्हते. माझ्या बालपणातील पेशवे पार्काची सर्वांत गोड आठवण म्हणून मी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली असेल, नानांसमोरदेखील.

आता वैद्यकाकडे वळू. स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरमध्ये, नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी दुबळा होतो. म्हणून आजचा नाश्ता पुसला जातो आणि साठ वर्षांपूर्वीची बाग शाबूत राहते. जुने उशिरा जाते आणि नवे आधी, ही गोष्ट फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो याने 1881 सालीच मांडली होती. भीती, लाज, विलक्षण आनंद अशा तीव्र भावनेसोबत बसलेली आठवण अधिक खोल रुजते. आजार वाढू लागला की दिवस, सन, नावे यांचे टाके उसवतात. भावना राहते, आणि तिला आधार उरलेला नसल्यामुळे ती ‘आत्ता’ची होते. नानांना मुलगा हरवल्याचे आठवत नव्हते. त्यांच्यापुरता तो त्या क्षणी हरवला होता.

याच्याशी जोडून एक प्रयोग सांगते, कारण बाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखद आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. 2014 साली हे काम प्रसिद्ध झाले. थोड्या वेळाने रुग्णांना चित्रफितीत काय पाहिले ते फारसे सांगता येईना, पण त्यातून आलेले दुःख वा आनंद मात्र त्यांच्यापाशी टिकून होता. म्हणून, भगिनी, ते बंद दार दाखवू नका. दार विसरले जाईल, पण पोटात पडलेला खड्डा तसाच राहील आणि तो कशाने पडला हेही त्यांना उमगणार नाही. विषय संपेल ही आपल्या यजमानांची आशा मला कळते. ती सुदृढ स्मरणशक्ती असलेल्या माणसाच्या हिशेबाने बांधलेली आहे.

मग खोटे बोलायचे का? मला वाटते, खरे आणि खोटे यांच्यामध्ये ऐसपैस जागा आहे. ‘ते बंद झाले’ असेही म्हणू नये आणि ‘उद्या जाऊ’ असेही म्हणू नये. शेजारी बसावे आणि विचारावे. लाँचमध्ये कोण घाबरायचे? पाळण्यात कोण बसायचे नाही? डब्यात काय न्यायचात? यात आपण कसलाही दावा करत नाही. पण ‘आठवतंय का?’ असे विचारू नये. तो परीक्षेचा प्रश्न असतो, आणि त्या परीक्षेत त्या रोज नापास होतात. छायाचित्रांचा संग्रह काढला, तरी ‘हा कोण, ओळखा पाहू’ हा खेळ टाळावा. आपणच सांगावे, ‘हा निळा सदरा फारच छान होता.’ पुढचे आले तर येईल.

आणखी एक निरीक्षण. आपल्या सासूबाई हे दुपारच्या चहानंतर करतात. ती वेळ मुले शाळेतून येण्याची होती का? त्यांना कदाचित कोठे जायचे नसेल, कोणाचे तरी काहीतरी करायचे असेल. पिशवी त्यांना भरू द्या. रुमालांच्या घड्या करू द्या. दाराबाहेर चार पावले त्यांच्यासोबत फिरून या. हट्ट चारसहा दिवसांत एकाएकी वाढला असेल, झोप उलटसुलट झाली असेल, बोलणे असंबद्ध झाले असेल, तर मात्र तो आठवणींचा विषय समजू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातील पाण्याचा तुटवडा, न सांगता येणारी वेदना किंवा नवे औषध यांतून असा गोंधळ उद्भवतो. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. दोन आठवडे सलग उदासपणा, अन्नावरील वासना जाणे आणि जुन्या गोष्टींत कोणताही रस न उरणे, हेही वैद्यकीय सल्ल्याचे कारण आहे.

म्हातारी माणसे जुने उगाळतात, त्यांना त्यातून बाहेर काढावे, अशी समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. 1963 साली रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने तिला विरोध केला. आयुष्याच्या अखेरीस मागे वळून पाहणे ही स्वाभाविक प्रक्रिया आहे, त्यात न मिटलेली प्रकरणे पुन्हा वर येतात, असे त्याचे म्हणणे. त्यातूनच पुढे आठवणींवर आधारलेल्या उपचारपद्धती निघाल्या. स्मृतिभ्रंशात त्यांचा उपयोग होतो, पण तो माफक असतो आणि सर्वांना सारखा होत नाही, असे आजवरच्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण सांगते. जाहिरातींतील मोठमोठ्या आश्वासनांवर पैसे घालवू नयेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

जुनी जागा अजून जाण्याजोगी असेल, तर जाण्यास माझी हरकत नाही. आम्ही पुन्हा गेलो. जानेवारीत, आडवारी, सकाळच्या उन्हात. भावाने त्यासाठी वेगळी रजा काढली. या खेपेस नानांच्या पायात पट्ट्याचे बूट होते, कानात यंत्र होते, खिशात नाव आणि आमचे दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती. घरून निघण्यापूर्वी लघवीला जाऊन आलो, ही बाब किरकोळ वाटेल, पण निम्म्या सहली त्यावाचून बिघडतात. हत्तीच्या जागेकडे आम्ही गेलोच नाही. रुळांजवळच्या एका मोठ्या झाडाखाली बाकावर बसलो.

दहाएक मिनिटे नाना नुसते झाडाकडे पाहत होते. मग तेच आले. ‘‘पोरगं कुठाय?’’

मी भावाकडे पाहिले. तो म्हणाला, ‘‘मी शोधून आणतो. दिसतो कसा?’’

‘‘चार वर्षांचा आहे. खाकी चड्डी. इथं खोक पडलीय,’’ म्हणत नानांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवले. ती खोक भावाच्या भुवईवर अजून आहे.

भाऊ उठला, झाडामागून वळसा घालून थोडा दूर जाऊन उभा राहिला. पाठमोरा होता, तरी खांदे हलत होते ते मला दिसले. चार-पाच मिनिटांनी तो परत आला आणि नानांच्या पुढ्यात उकिडवा बसला. ‘‘सापडला, नाना. हत्तीपाशी होता. चांगला आहे.’’

नानांनी इतका लांब श्वास सोडला, की मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली. मग ते पुढे वाकून हळूच म्हणाले, ‘‘त्याच्या आईला सांगू नका हं.’’

‘‘नाही सांगत,’’ भाऊ म्हणाला.

बाहेर पडताना नानांनी खिशात हात घातला. खिशात ती चिठ्ठी होती, पैसे नव्हते. त्यांनी भावाकडून पैसे मागून घेतले आणि गाडीवाल्याला म्हणाले, ‘‘दोन द्या.’’ गारेगार नव्हते, कांडीवरची केशरी कुल्फी होती. एक माझ्या हातात दिली, एक भावाच्या. त्यांना मधुमेह आहे, म्हणून माझ्यातला एक घास त्यांना दिला, जास्त नाही.

त्याने प्रश्न सुटला असे समजू नये. पंधरा दिवसांनी नानांनी पुन्हा विचारले. परवाही विचारले. फरक एवढाच, की आता आवाजात तेवढी घाई नसते आणि आम्हाला उत्तर ठाऊक असते. कधी भाऊ नागपूरहून फोनवरच सांगतो, ‘‘सापडला, नाना.’’ कधी त्याचाही धीर होत नाही, मग मी सांगते. ज्याची ओळख वडिलांच्या मनातून पुसली गेली आहे, त्या मुलाचेही काही दुखत असते. सेवेकऱ्याच्या त्या दुखण्याकडे घरात कोणी पाहत नाही, म्हणून ते येथे नोंदवते. बोलायला कोणी नसेल तेव्हा ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर त्यांची काळजी घेणाऱ्यांनीही बोलावे.

भगिनी, आपल्या पत्रात एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचले. सासूबाई दाराशी उभ्या असताना सारख्या मोजत असतात, ‘एक, दोन, तीन’, आणि तिसऱ्याला अडखळतात, असे आपण लिहिले आहे. आपल्या यजमानांना किती भावंडे? त्या दिवसांतील लाँच पाहिलेली एखादी नणंद, मावशी, शेजारीण अजून हयात असेल तर तिला विचारा. काही कळले तर मला अवश्य कळवा.